खोल्यांचं पान

(महिला आश्रयगृहाचं ऑफिस. खिडकीची काच फुटलेली, तिथे पुठ्ठा चिकटवला आहे. आश्रयगृह चालवणारी थोरली बहीण उभी आहे. तिथली वेबसाइट बनवून देणारा धाकटा भाऊ लॅपटॉप उघडून बसला आहे.)

ताई: हॅक झालं, हॅक झालं म्हणू नकोस. पोलिसांनी मला त्या नवऱ्याचा फोन दाखवला. त्याने साइट फोडलेली नाही. घरच्या कॉम्प्युटरवर बायकोने आपली साइट उघडली होती, ती त्याला सापडली. तिथे ‘खोल्या’ असं बटण आहे. त्याने ते दाबलं. बायकोचं नाव, तिची खोली, खाली या घराचा पत्ता.

भाऊ: लॉगिन केल्याशिवाय ते पान उघडतच नाही, ताई.

ताई: माझ्या फोनवर आत्ता उघडलंय. लॉगिन न करता. हे बघ.

भाऊ: थांब जरा. कोड बघू दे मला.

ताई: बघ, निवांत बघ. याच खिडकीतून तो आत शिरला. एरवी कोणीही आलं तर या ऑफिसात येऊन विचारतं. याने कोणाला काही विचारलं नाही. सरळ जिना चढून तिच्या दारात.

भाऊ: तिला फार लागलं का?

ताई: मनगट मोडलं. मुलीला पलंगाखाली सरकवून आतून दार दाबून धरलं होतं तिने. पोलिसांनी त्याला खाली नेलं तरी सोडेना. मी बाहेरून हाका मारतेय, तर माझ्या आवाजावरही विश्वास नाही.

भाऊ: सापडलं. ओळ वर गेली आहे.

ताई: मला कळेल असं बोल.

भाऊ: ही ओळ बघ, ‘ॲप डॉट गेट’. कोणी खोल्यांचं पान मागितलं की ते द्यायचं, एवढंच तिचं काम. आणि ही ‘ॲप डॉट यूज’. येईल त्याला अडवून पासवर्ड विचारायचा, हे हिचं. सर्व्हर या ओळी वरून खाली वाचत जातो. पासवर्डची ओळ आधी असली तर माणूस तिथे अडतो. पण पान देणारी ओळ तिच्या वर असली, तर पान देऊन काम संपलं. खालच्या ओळीपर्यंत जाण्याची वेळच येत नाही.

ताई: वर कोणी नेली?

भाऊ: मी. तुझ्याच सांगण्यावरून.

ताई: माझ्या?

भाऊ: विश्वस्त आले होते तेव्हा. पडद्यावर पान दाखवताना तुझा पासवर्ड चुकत होता. सगळ्यांदेखत मला म्हणालीस, ही कटकट काढ आधी, माझी शोभा होतेय.

ताई: ते त्या दिवसापुरतं होतं.

भाऊ: त्या दिवसापुरतं, असं काही म्हणाली नव्हतीस.

ताई: पाहुणे गेले की कडी लावायची, हेही सांगायला लागतं का तुला? अख्खा उन्हाळा गेला त्याला.

भाऊ: नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी तुझं काम करतो मी. तपासायला आणखी कोणीतरी घे म्हणालो होतो. तर तू म्हणालीस, घरचा माणूस असताना परका कशाला.

ताई: तिथेच चुकलं माझं.

भाऊ: झालं? सगळं माझ्या माथी मारून मोकळी झालीस? ओळ खाली घेतो, मिनिटाचं काम आहे.

ताई: ओळबिळ हलवू नकोस. सगळं बंद कर.

भाऊ: बंद करायला काय. शेवटची ही ‘ॲप डॉट लिसन’ काढली की सर्व्हर कोणाचंच काही घेणार नाही. पण ती बाई इथे आली कशी, ते आठव. साइटवरच्या अर्जातून. नवरा घरात असताना फोनवर बोलता आलं नसतं, हे तिनेच तुला सांगितलं होतं.

ताई: तिच्याबद्दल तू बोलू नकोस.

भाऊ: बरं. मग जी अजून आलेली नाही तिच्याबद्दल बोलतो. तिने काय करायचं?

ताई: तो अर्ज कोणती ओळ घेते?

भाऊ: ही, ‘ॲप डॉट पोस्ट’. बाहेरून कोणी काही लिहून पाठवलं की ही घेते आणि तुझ्या फोनवर मेसेज पाठवते.

ताई: तेवढी ठेव. खोल्यांचं पान काढून टाक. त्याला पासवर्ड नको, पहारा नको, ते असायलाच नको. नावं, पत्ता, सगळं पुसून टाक. बाहेरचं आत येऊ दे, आतलं काही बाहेर दिसता कामा नये.

भाऊ: मग कोण कुठे राहतंय ते कसं कळणार तुला?

ताई: जिना चढून बघेन.

भाऊ: काढलं. सर्व्हर पुन्हा सुरू केलाय. बघ आता.

ताई: असं पानच नाही म्हणतंय.

भाऊ: अर्जही एकदा पाठवून बघ.

ताई: आला मेसेज. आता सर्व्हरचा पासवर्ड मला दे. यापुढचं दुसरं कोणीतरी बघेल.

भाऊ: इतकी वर्षं केलं त्याचं हेच का?

ताई: भावाशी भांडण नाही माझं. पण या कामाला तू नकोस.

भाऊ: तिला एकदा भेटू दे मला. दोन शब्द बोलेन आणि जाईन.

ताई: ती इथे नाही. हाताला प्लॅस्टर घालून आली, मुलीचे कपडे एका हाताने पिशवीत कोंबले. मी म्हटलं, दुसऱ्या गावात सोय करते, पत्ता देते. तर म्हणाली, तो पत्ता आणखी कुठे कुठे लिहिलेला आहे?

भाऊ: काय सांगितलंस तू?

ताई: मला माहीत असतं तर सांगितलं असतं.

भाऊ: मग गेली कुठे ती?

ताई: मला सांगितलं नाही. बरं केलं तिने.