सातव्या खुणेचा ठोका

काका : हा ठोका धरू नकोस. हातोडा दोनदा टेकला.

इंजिनीअर : दिसलं मला लॅपटॉपच्या पडद्यावर. पुन्हा मारा. सरळ मारा आणि लगेच उचला.

काका : तुझ्या वडिलांबरोबर बावीस वर्षं पूल ठोकत हिंडलो, मॅडम. आता तू शिकव मला!

इंजिनीअर : मॅडम काय, काका! मारा... हं, आता कसं! थांबा, पुलाचं थरथरणं नोंदलं जातंय, ते विरू दे. झालं. आता सातवी खूण.

काका : आलो.

इंजिनीअर : काका, एक विचारू? पूल नवा होता तेव्हाचा बाबांचा अहवाल आहे माझ्याकडे. बारा खुणा, पण आकडे अकराचेच. सातवीपुढे लिहिलंय, ‘घेतला नाही’. बाबा काही अर्धवट सोडणारे नव्हते.

काका : तारीख पाहिलीस?

इंजिनीअर : पाहिली. माझा जन्म त्याच दिवशीचा.

काका : इथला रंग ओला होता, म्हणून ही खूण शेवटी ठेवली होती. तेवढ्यात निरोप आला, मुलगी झाली म्हणून. हातोडा माझ्या हातात कोंबला आणि पळाले की स्टेशनकडे!

इंजिनीअर : आई तर म्हणते, तिसऱ्या दिवशी उगवले.

काका : रुळांवर पाणी चढलं होतं. दोन दिवस गाडीच नाही. बाकावर बसून होते. डबा मीच नेऊन देत होतो.

इंजिनीअर : मग हे आईला सांगितलं का नाही?

काका : सांगितलं असेल गं. पण पुढे दर वेळी काही ना काही असायचंच. त्या ढिगात हे एक खरं कारणही गेलं.

इंजिनीअर : मी हेच काम का शिकले, माहितेय? म्हटलं, घरी सापडत नाहीत, तर पुलावर तरी सापडतील. मी ठोके मारीन, ते पडदा बघतील. एकदाच, एवढंच हवं होतं. नोकरी लागली आणि चौथ्या महिन्यात ते गेले.

काका : मला म्हणाले होते, पोरगी आली की तू दोन दिवस सुट्टी घे. तुझं काम ती करेल.

(सातव्या खुणेवर तीन ठोके पडतात. मग उरलेल्या पाच खुणा. इंजिनीअर पडद्यावरचे आकडे जुन्या अहवालाशी ताडून बघते.)

इंजिनीअर : काका, इकडे या. नवा होता तेव्हा हा पूल सेकंदाला तीनदा खालीवर व्हायचा. आता जेमतेम सव्वादोनदा. माणूसही चालताना सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो.

काका : म्हणजे गर्दी झाली की पावलं आणि पूल एका तालात येणार.

इंजिनीअर : आणि पुलाच्या हलण्याचा हा आकार बघा. पलीकडच्या टोकाला पूल स्थिर हवा. तिथेही हलतोय. टेकू सुटलाय.

काका : पाच वाजता इस्पितळाची शिफ्ट सुटते. तीनशे-चारशे माणसं एकदम पुलावर येतील.

इंजिनीअर : नाही येणार. दोन्ही तोंडांना साखळी लावा. मी ऑफिसला कळवते.

काका : तुझ्या बाबांचा पूल आहे, बाळा.

इंजिनीअर : म्हणून तर. नवा टेकू बसला की उघडेल.

काका : ...लावल्या साखळ्या. रखवालदार कुरकुरतोय, लोकांना अर्ध्या तासाचा वळसा पडेल म्हणून.

इंजिनीअर : पडू दे. पाय दुखतील, एवढंच.

काका : अगदी त्यांच्यासारखं बोललीस.

इंजिनीअर : मला कसं कळणार? घरी ते बोलायचेच कुठे! काका, तुम्हाला घाई नाही ना?

काका : मला कसली घाई?

इंजिनीअर : मग बसा इथे. कामावर ते कसे असायचे, सांगा. काय बोलायचे, कशावर चिडायचे, हसायचे का. घरातले बाबा मला थोडेफार माहीत आहेत. इथले सांगा.