सोफा आमचा नाही

...आणि वर मलाच विचारतात, गरज आहे याला पुरावा काय? अहो, शुक्रवारपर्यंत फी भरली नाही तर कॉलेजातून माझं नाव कटणार, आणखी कसला पुरावा देऊ? तुम्हाला सांगते, गरज नुसती असून भागत नाही, ती दिसावी लागते!

गुणवत्तेची शिष्यवृत्ती? ती महागड्या शिकवण्या लावणाऱ्यांच्या घरी गेली. शैक्षणिक कर्ज काढायला बँकेत गेले, तर साहेब नाकातून, "तारण काय देताय?" म्हटलं, घर भाड्याचं आहे. तर म्हणे, मग अवघड आहे. म्हणजे ज्याच्याकडे आहे, त्यालाच मिळणार! ग्रंथालयात पुस्तकं लावायचं काम करते, त्यात खानावळ भागते, फी नाही. उरली एक फीला मदत करणारी संस्था. त्यांच्या बाई घर बघणार आणि मग ठरवणार. बघू देत की, आमच्या घरात लपवण्यासारखं आहे काय... असं आपलं मला वाटलं होतं!

काल घरी आले तर वाटलं, दार चुकले. शेजारच्या काकूंचा सोफा आमच्याकडे! खिडकीला गिऱ्हाइकाच्या कापडाचे पडदे, नुसते टाचलेले. आणि बाबा... माझे बाबा शिंपी, सदा बनियनवर मशीन चालवणारे... गिऱ्हाइकाचा सूट घालून बसलेत, ट्रायलच्या टाचण्यांसकट!

आईला कोपऱ्यात घेतलं, तर ती शांतपणे म्हणते, "मदत मागतोय, भीक नाही. पाहुण्यांना काय फाटक्या चादरीवर बसवू?"

तेवढ्यात बाई आल्याच. सोफा बघितला, पडदे बघितले आणि पेनाला टोपण लावलं हो! म्हणाल्या, बरं चाललंय की तुमचं. बाबा टाचण्या सांभाळत ताठ बसून म्हणाले, "तुमच्या कृपेनं काही कमी नाही." काही कमी नाही? बाबा, फी कमी आहे! बाई उठल्या, चप्पल शोधायला लागल्या, माझी डिग्री त्यांच्या मागोमाग दाराकडे निघाली... आणि माझ्या तोंडातून निघून गेलं,

"सोफा आमचा नाही. पडदे नाहीत. बाबांच्या अंगावरचा सूटही नाही."

आईनं तर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बाबांनी हळूच कोट उतरवला, एकेक टाचणी जपत. आत बनियनला पाठीवर ठिगळ... इतकं सफाईदार, की नीट बघितलं तरच कळावं. बाईंनी नीट बघितलं. परत बसल्या. टोपण काढलं.

दिसली एकदाची गरज! पण मला बघवेना. कुणी ठरवलं हो, पोरीला शिकायचं तर बापानं आधी कोट उतरवायचा?

बाई जाताना म्हणाल्या, शिफारस करते, पण उद्या आमची समिती खात्री करायला येईल. मी हुश्श करून दार लावतेय, तर मागून आई.

"समिती म्हणजे चार माणसं तरी असणार. एका सोफ्यावर मावायची नाहीत."

म्हणून तर इथे जिन्यात दम खात उभी आहे तुमच्याशी बोलत. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांचा सोफा आहे हा. पुढून बाबा, मागून मी. जड आहे हो... जरा बाजूला होता का?