शंभर वॅटचे सासरे

...आणि वर मलाच म्हणतात, "सूनबाई, उजेडात काटकसर करू नये!" आता तुम्हीच सांगा, कामाच्या टेबलावर शंभर वॅटचा बल्ब, तोही दिवसभर, उजेड कमी नि धग जास्त... ही खोली आहे की भट्टी? सासरे आमचे घड्याळजी, चाळीस वर्षं असल्याच बल्बखाली बसलेले, टक्कल दोनदा भाजून घेतलंय, पण बल्ब बदलू म्हटलं की तोंड असं करतात जणू मी त्यांनाच बदलायला निघालेय! पण मी ठरवलं म्हणजे ठरवलं!

गेले, एलईडी आणला, लावला. पांढराफटक! सासरे डोळे मिचमिचे करत म्हणाले, "ऑपरेशन कोणाचं आहे?" नवरा हसला... हा माणूस नेमका नको तेव्हा हसतो! उतरवला दिवा, परत दुकानात. दुकानदार म्हणतो कसा, "वहिनी, नुसते वॅट काय बघता? वॅट म्हणजे तो वीज किती खातो. उजेड किती देतो ते ल्युमेनवर बघा. आणि पिवळसर घ्या, नजरेला बरा." अहो, मग हे आधी सांगायला काय झालं होतं? पण चिडले नाही, कारण ठरवलं म्हणजे ठरवलं!

खरी गंमत पुढेच. गेले चार महिने सासरे लोकांची घड्याळं तशीच परत करत होते. "पार्टच मिळत नाहीत हो हल्ली!" मला ते खरंच वाटायचं. मी नऊ वॅटचा पिवळसर दिवा वाकत्या दांडीला लावला, थेट त्यांच्या हाताजवळ ओढला, तर हे दचकून मागे! म्हटलं, "बाबा, हा त्या बल्बसारखा भाजत नाही, घ्या जवळ." मग डोळ्याला भिंग लावलं, शेजारच्या काकूंचं एवढंसं घड्याळ उघडलं, आणि हळूच म्हणाले, "दिसतोय गं स्क्रू."

पार्ट कुठले नि काय... दिसतच नव्हतं हो त्यांना! आणि सांगणार कुणाला? थोड्या वेळानं घड्याळ टिकटिकायला लागलं, मी आपली उगीचच खिडकी पुसत बसले... आणि त्याच दुपारी, तुम्हाला सांगते, स्टुलावर चढून घरातले झाडून सगळे बल्ब बदलले, ठरवलं म्हणजे ठरवलं!

आणि आता? बाबांचा दिवा सकाळपासून चालू, न्हाणीघरातला चालू, जिन्यातला चालू! बंद करायला गेले की आतून आवाज, "राहू दे गं, हे खातातच किती!" कप्पाळ माझं! हे दिवे मीच लावलेत ना!