नेस्टरची स्प्रिंगांची पेटी

...नाही, पण मला सांगा, मेलेल्या माणसानं मेल्यावर तरी गप्प बसावं की नाही? जिवंतपणी तर त्याला तोंड उघडायची गरजच नव्हती, आमचा सर्फ बँड, म्हणजे लाटांवर फळीनं खेळणाऱ्यांचं संगीत, दोन गिटार, एक बेस आणि ड्रमवर मी, गाणारा कुणी नाहीच, माईक फक्त ‘थँक्यू’ म्हणायला! पण नेस्टरकडे ही पेटी होती ना. ही बघा, माझ्या पायाशी ठेवलीय ती. आत नुसत्या स्प्रिंगा. गिटारचा आवाज हिच्यातून गेला की ओलाचिंब होऊन बाहेर येतो, समुद्रात बुचकळून काढल्यासारखा. आणि हिला लाथ मारली की खड्डाम! मी जरा वेग वाढवला की नेस्टर वळूनसुद्धा बघायचा नाही, टाच मागे, लाथ, खड्डाम! आणि मग घाम पुसत, अगदी थंडपणे, “पाठी कोण लागलंय तुझ्या, रूडी?”

आता मी घाईचा, हे मी नाकारतोय का? जेवतो घाईत, बोलतो घाईत, लग्न घाईत केलं आणि मोडलंही घाईतच. पण अकरा वर्षं सगळ्या व्हेंचुरा गावासमोर लाथ? एकदा तरी माणसानं बाजूला घेऊन सांगावं की नाही?

तर मार्चमध्ये नेस्टर गेला. लाटांवर खेळून आला, फळी गाडीच्या टपावर बांधली, आणि तिथंच बसला तो उठलाच नाही. आम्ही सगळ्यांनी सर्फवाल्यांच्या रिवाजाप्रमाणे फळ्यांवर बसून समुद्रात गोल केला, त्याची राख सोडली, हातांनी पाणी उडवलं, आणि परत किनाऱ्याला पहिला कोण आला विचारा... मीच. मग बंदरावरच्या मासळीच्या हॉटेलाच्या अंगणात वाजवायला उभे राहिलो. नेस्टरची गिटार आमच्या दुसऱ्या गिटारवाल्यानं, हॉलिसनं घेतली, पेटी तिच्या नेहमीच्या जागी, माझ्या समोर. आणि डोरीन, नेस्टरची बायको, पुढच्या खुर्चीत बसली, मांडीवर टाकोची बशी, आणि म्हणाली, “त्यानं माझ्यासाठी केलेली धून वाजवा ना.”

कोणती?

नाव तिला माहीत नाही! ‘बँडला ठाऊक आहे’ एवढंच म्हणायचा म्हणे. अहो, बँडला काय ठाऊक असणार? शब्द असते तर ‘प्रिये’ आलं, ‘डोळे’ आले, कळलं असतं. आमच्या धुना बिनशब्दांच्या, जो आधी ओरडेल त्यानं नाव ठेवायचं, ‘बुडालेली जीप’, ‘खेकडा नंबर दोन’... यातली बायकोची कोणती? पण नुकतीच राख सोडून आलेल्या बाईला ‘माहीत नाही’ कोण म्हणणार? हॉलिस म्हणाला, हो हो, वाजवतो की. मेला घाबरट.

‘बुडालेली जीप’ सुरू केली. मधेच खड्डाम! कुणी हात लावला नाही, पाय लावला नाही. मार्ला, आमची बेसवाली, कानाशी येऊन पुटपुटली की तुझ्याच ड्रमच्या हादऱ्यानं वाजतेय, भूतबित काही नाही. पेटीखाली टॉवेल घातला. ‘खेकडा नंबर दोन’. खड्डाम! डोरीन आपली बशी धरून, हसून, मान हलवून नाही म्हणतेय. तिसरी. खड्डाम! माझ्या मानेवरचे केस उभे! पाठी कोण लागलंय ते आता मला चांगलंच कळलं होतं!

पुढची होती ‘भुकेला शार्क’. हे नाव माझं. नेस्टरनं पहिल्यांदा आणली तेव्हा नाव विचारलं, तर खाली बघत म्हणाला, ठेवा काहीही, म्हणून मी ठेवलं, आणि दामटवली अशी की लोक टेबलांवर चढून नाचायचे. पण त्या दिवशी माझी नजर पेटीवरून हलेना हो. काठी उचलवेना. तर जन्मात पहिल्यांदा ती हळू निघाली... अगदी हळू... हॉलिसची बोटंही हळू झाली... आणि तुम्हाला सांगतो, ती शार्क नव्हतीच. कुणीतरी कुणाच्या तरी केसांवरून हात फिरवतंय, असं काहीतरी होतं ते. पेटी गप्प. डोरीननं बशी खाली ठेवली.

“हीच,” ती म्हणाली. “मी भांडी घासायची तेव्हा मागे बसून वाजवायचा. अकरा वर्षं तुमच्या प्रत्येक कार्यक्रमाला आले रे मी, वाटायचं आज तरी वाजवेल. का नाही वाजवली त्यानं कधी?”

प्रत्येक कार्यक्रमात वाजवली होती! ती समोर बसलेली असताना! तिच्या धुनेला मी टेबलांवर नाचवलं, आणि तो बिचारा मागे लाथा मारत राहिला. खरं बोलायचं होतं. पण तोंडातून निघालं, “लाजायचा गं तो.”

खड्डाम! ड्रम बंद होते हो. सगळं बंद होतं.

डोरीननं डोळे पुसले आणि पेटी मलाच दिली. तुमचा दोघांचा एकमेकांवर फार जीव होता म्हणे. तेव्हापासून ही माझ्याकडे. वायर काढून ठेवलीय, ही बघा, तरी झोपेत दचकून उठतो. मार्ला म्हणते, जा आणि तिला खरं सांग, सुटशील. सांगणार आहे हो, नाही कोण म्हणतंय? बाई जरा सावरू दे, उन्हाळा जाऊ दे, सांगेन सावकाश, घाई काय आ—

ऐकलंत?

अकरा वर्षं ‘हळू, हळू’ म्हणून लाथा मारत माझा जीव खाल्ला, आणि आता मी आयुष्यात एकदा सावकाश म्हणतोय, तर...

बरं बाबा. निघालो. चपला तरी घालू देशील?