खाचेतलं कुंकू

नाय, खोटं आहे असं मी म्हणतच नाही, पुसलं मीच. कहकशा मॅडमनं कुंकू पुसलं — एवढं तर कालच तुमच्या पेपरात आलंय, मग आता काय न्यायला आलात, पुंडलिकभाऊ? माझी बाजू? इकडं बसा, ती खुर्ची हलते. माझी कसली बाजू — कुठं पुसलं, हे अजून एकानं विचारलेलं नाही. पुसलं, बस्स. घ्या, बिस्किटं घ्या.

तुम्हीच सांगा, आमच्या बिडकीनच्या कारखान्यात काय बनतं ते तरी ठाऊक आहे का तुम्हाला? रॉकेट, म्हणे. रॉकेट नाही हो. रॉकेटला बाजूला बूस्टर लावतात, त्याची पोलादी नळकांडी — आत माणूस ताठ उभा राहील एवढी. एकात एक बसवत गेलं की बूस्टर. इंधन आमच्याकडं नाही भरत, ते पुढं, दुसरीकडं. घट्ट असतं ते, रबरासारखं, आणि एकदा पेटलं की पेटलं, नळ बंद करून थांबवू म्हणाल तर नळच नाही त्याला. मग सगळी भिस्त कशावर? जोडावर. जोडात गोल खाच असते, तिच्यात रबरी कडं बसतं, आणि आतला जाळ बाहेर येऊ द्यायचा नाही एवढंच त्या कड्याचं काम. खाचेत केस सापडला तरी मी माल अडवते. साधा केस. पोरं मागं मला खाचवाली बाजी म्हणतात — बाजी म्हणजे ताई — म्हणू द्या, पण माझी नजर फिरल्याशिवाय गेटबाहेर काही गेलेलं नाही.

आणि परवा पूजेला आलेल्या तुमच्या पाहुण्यांनी कुंकू कुठं लावलं? खाचेत. त्यावर अक्षता, त्यावर नारळाचं पाणी. का, तर कॅमेरे त्या बाजूला होते. आता खाचेला झाकण असतं हो, प्लास्टिकचं, पण झाकणाचा फोटो चांगला येत नाही म्हणून शिवराज सरांनी — आमचे मॅनेजर — त्यांनी ते काढायला लावलं. हे लिहू नका. नाही, लिहा. लिहाच. मी म्हटलं सर, उघडं पोलाद आहे, गंज धरेल. ते म्हणाले मॅडम, शुभ दिवस आहे, मध्ये बोलू नका. मग पाहुण्यांची पाठ फिरली तशी मी फडकं घेतलं. तेवढंच कुणीतरी मोबाइलवर घेतलं — डोक्यावर ओढणी, हातात फडकं, फडक्याला कुंकू. झालं. मी घरी पोचायच्या आधी पाचोडहून जाऊबाईंचा फोन, काय गं बाई काय केलंस. आमचे हे, साकिब, तर मला म्हणतात, तूच का पुढं झालीस, दुसऱ्या कुणाला सांगायचं. कुणाला सांगू? ते माझंच काम आहे. आता सर म्हणतात थोडे दिवस घरी बसा, वातावरण निवळू द्या.

वातावरणाचं जाऊ द्या हो, खाचेचं काय? मी वरवर पुसलंय फक्त. ती धुवायची, वाळवायची, भिंगाखाली बघायची, ते राहिलं — तोवर मला बाहेर काढलं. एखादी अक्षता कोपऱ्यात दबली असेल, ओल असेल, कुणाला माहीत? आणि उद्या सकाळी ते नळकांडं घेऊन गाडी निघतेय. मी सरांना कालपासून फोन लावतेय, उचलत नाहीत. दुसरा कुणी त्या खाचेला हात लावायला तयार नाही — लावला तर तो पण पुसणाराच ठरणार ना.

पूजेला विरोध म्हणे. मला. गाडी निघताना पूजा आमच्याकडं पहिल्यापासून होते, आणि नळकांडं ज्या लोखंडी पाळण्यावर आडवं निजवतो त्या पाळण्याला कुंकू लावायचं, नळकांड्याला नाही, ही रीत पाडली कुणी? मी. मनकर्णाबाई आहे आमच्याकडं साफसफाईला, ती लावते, तिचे हात थरथरतात म्हणून ताट मी धरते. दर वेळी. घरी सांगितलेलं नाही मी हे, साकिबना पण नाही, आता तोंडातून निघालं —

काय लिहिताय?

थांबा. खाच सांगितली, गंज सांगितला, उद्याची गाडी सांगितली, तेव्हा तुम्ही बिस्किट बुडवत होता. ताट म्हटलं अन् पेन निघालं? खोडा ते. का म्हणजे? ताट धरलं म्हणून मी खरी, आणि नसतं धरलं तर? मग खाचेतलं कुंकू चाललं असतं? अत्तर सांडलं असतं तिथं तर ते पण पुसलं असतं, दर्ग्याची चादर घातली असती तर ती पण ओढून काढली असती. मी खरी आहे ती खाचेमुळं. तेवढं छापायचं असेल तर छापा, नसेल तर राहू द्या. खोडलं? दाखवा. इकडं धरा नीट. हां.

उठा आता. चहा झाला तुमचा. आणि खाली उतरलात की शिवराज सरांना एक फोन लावा — तुमचा उचलतील ते.