तेलाचा थेंब

(किल्ल्यांचं दुकान. भर दुपार. शटर अर्ध्यावर ओढलेलं.)

बाप : कानस खाली ठेव आणि माझ्याकडे बघ.

मुलगी : गिऱ्हाईक यायचंय बाबा. दोन किल्ल्या राहिल्यात.

बाप : राहू देत. सराफाची तिजोरी बघून आलोय. फौजदारानं बोलावलं होतं, चोरानं कशी उघडली ते सांगा म्हणून.

मुलगी : मग? कशी उघडली?

बाप : ओरखडासुद्धा नाही. आणि जाताना किल्लीच्या भोकात तेलाचा थेंब सोडलेला.

मुलगी : तेल काय, कोणीही घालतं.

बाप : चोर घालतो? कुलपाची एवढी माया असलेला चोर मी उभ्या जन्मात पाहिला नाही. ‘दुसऱ्याचं कुलूप उघडलं की त्याला तेल पाजून निघायचं,’ हे मी शिकवलंय. दोघांनाच.

मुलगी : फौजदाराला सांगितलंत?

बाप : अंगठ्यानं पुसून टाकलं. साठी उलटल्यावर हा धंदा केला मी.

मुलगी : मग झालं तर. कुणाला कळायचं नाही.

बाप : दादाला उचललंय.

मुलगी : दादाला? अहो, त्याला सायकलचं कुलूप उघडत नाही!

बाप : दुकानात कोण कोण बसतं, विचारलं. मी दोन्ही नावं सांगितली. त्यानं एकच लिहिलं. ‘मुलीचं राहू द्या,’ म्हणाला, ‘ती कशाला तिजोरी फोडतेय?’

मुलगी : फोडली नाही. उघडली.

बाप : आता कशी बोललीस!

मुलगी : ...त्या सराफानंच सांगितलं होतं ना, तिजोरी बसवायला मुलाला पाठवा, हे बाईमाणसाचं काम नाही? बसवली मी. दादा नुसता हातोडी धरून उभा. पण शाबासकी त्याला, चहासुद्धा त्यालाच!

बाप : म्हणून चोरी? चहासाठी?

मुलगी : दार उघडेपर्यंत राग होता. आत हात घातला तेव्हा हाव होती. खोटं कशाला बोलू?

बाप : माल कुठंय?

मुलगी : मोडक्या कुलपांच्या डब्यात. तळाशी.

बाप : सकाळी त्याच डब्याला टेकून बसलो होतो की गं मी!

मुलगी : दादाला सोडतील बाबा. त्याला काही येत नाही, हे दिसेलच त्यांना.

बाप : पुढ्यात कुलूप टाकलं, उघड म्हणाले. त्याला येईना. नाटक करतोय म्हणून पट्ट्यानं मारलं. मी चौकीबाहेर बाकावर बसून ऐकत होतो. एक लेकरू सोडवायचं, तर दुसरं द्यायचं. काय बोलू?

मुलगी : अजून मारतायत?

बाप : मी निघालो तेव्हा मारत होते.

मुलगी : शटर वर करा.

बाप : अगं, हसतील तुला. भावाला वाचवायला आली म्हणतील.

मुलगी : हसू देत. माझ्याही पुढ्यात कुलूप टाकतील ना? तो डबा द्या इकडे.

बाप : एक सांगू? तो थेंब बघितला, तेव्हा आधी छाती फुगली माझी. लाज मागाहून वाटली. बापाचं उलटं व्हायला हवं होतं.

मुलगी : रडू नका ना. निघते मी. तारा घेतल्या, चिमटा घेतला...

बाप : थांब. तेलाची कुपी राहिली.