वहिनींचा हात

मला तर अजून खरं वाटत नाय. आमच्या वहिनी नगरसेविका झाल्या, तेव्हा सगळं गाव धरून चाललं होतं की कारभार दादाच बघणार. दादालाही तसंच वाटायचं.

परवा नगरपरिषदेची सभा होती. संभाजीनगरकडं जाणारा रस्ता रुंद करायचा होता. सरळ नेला तर आमच्या वडिलांचं, अण्णांचं, कापडाचं दुकान जाणार, वळवला तर मागच्या गल्लीतली घरं. दादानं सकाळीच बजावलं, "सरळ रस्त्याला हात वर करायचा नाय." वहिनी चहा गाळत राहिल्या.

दादा आणि मी मागं लोकांत बसलो होतो. नगराध्यक्षांनी विचारलं, "रस्ता सरळ न्यायला कोण कोण तयार आहे?"

पहिला हात वहिनींचा!

"तिला प्रश्न कळला नाय वाटतं," दादा माझ्या कानात म्हणाला आणि उठून ओरडलाच, "अगं, सरळ म्हणतायत ते!"

वहिनींनी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. हात मोजले. एका मतानं ठराव पास झाला.

बाहेर आलो तर दादाचा चेहरा पांढराफटक. "अगं, अण्णांनी उभं केलेलं दुकान गेलं आपलं!"

"व्हय. दुकान दुसरीकडं टाकता येईल. त्या लोकांनी लेकरं घेऊन कुठं जायचं?"

"मग मला आधी सांगायचं तरी!"

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "सांगितलं असतं, तर मला सभेला येऊ दिलं असतं का तुम्ही?"